दत्तोबांच्या खळ्यावरचा मोर

माधवरावांना राग आला की ते आधी चष्मा काढतात, धोतर धुतल्यासारखा खसाखसा पुसतात आणि मग तो न घालताच बोलायला लागतात. समोरचा माणूस नीट दिसला नाही म्हणजे बोलायला धीर येतो, असं त्यांच्या पत्नीचं, राजेश्वरीबाईंचं म्हणणं. त्या दिवाळीच्या पाडव्याला, ऐन जेवणाच्या पानावर, श्रीखंडाची वाटी अर्धी असताना त्यांनी चष्मा काढला.

"दर शनिवारी? आणि रविवारीसुद्धा?"

"हो बाबा. सुट्टी संपली की लगेच," नीरजा म्हणाली. नीरजा म्हणजे त्यांची मुलगी. पुण्यात असते, हिंजवडीला कंपनीत जाते. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम. हा गुण तिनं आईकडून उचलला. "कोडिंगचा क्लास आहे. आजकाल सगळीच मुलं जातात."

सगळी मुलं जातात तर जाऊ देत की! माधवरावांचा प्रश्न एकाच मुलीचा होता. त्यांची नात सई, चौथीतली, दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून तळेगावला यायची. ती आली की माधवरावांचा आठवडा सुरू व्हायचा आणि रविवारी रात्री ती गेली की संपायचा. मधले वार नुसते कॅलेंडरवर छापलेले असायचे. आता शनिवार-रविवारच गेले, तर राहिलं काय? पण हे असं सरळ बोलतील तर ते माधवराव कसले! ते म्हणाले, "मुलांच्या डोळ्यांवर परिणाम होतो."

"मला तो क्लास नकोय," सईनं पुरी मोडता मोडता जाहीर केलं. "मी एकदा गेले होते. पडद्यावर नुसतं एक मांजर इकडून तिकडे चालवतात."

माधवरावांना जोर चढला. "कोडिंग म्हणजे तरी काय? सूचना देणं! उभी हयात मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. सूचना देण्याशिवाय मी दुसरं केलंय काय?"

"आणि त्या पाळल्या कुणी?" राजेश्वरीबाईंनी विचारलं आणि जावयांना आणखी एक पुरी वाढली.

हे वर्मी लागलं. माधवराव म्हणाले, "कॉम्प्युटर नको, मांजर नको. पानाफुलांची चित्रं करता करता मी सईला कोडिंग शिकवून दाखवतो. सुट्टी संपायच्या आत!"

नीरजानं चमचा खाली ठेवला. "ठीक आहे. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मी येते. सईनं स्वतःच्या डोक्यानं केलेलं काहीतरी मला दाखवा. पटलं, तर क्लास बंद. नाही पटलं, तर दोन्ही वार क्लास, आणि मग डोळ्यांचं काही सांगायचं नाही."

असे माधवराव कामाला लागले. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहून त्यांच्या ध्यानात आलं की कॉम्प्युटर हा पक्का हुकमाचा ताबेदार असतो. सांगाल तेवढंच करतो, न सांगितलेलं करत नाही, उलट उत्तर देत नाही आणि चहाला जात नाही. असा शिपाई आपल्याला नोकरीत कधी लाभला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी खेळ ठरवला तो असा: एकानं कॉम्प्युटर व्हायचं, दुसऱ्यानं हुकूम सोडायचे. एक झेंडू ठेव, दोन पानं ठेव, उजवीकडे वळ, पुन्हा दोन पानं ठेव. बरोबर हुकूम दिले की जमिनीवर फूल उमटतं. चुकीचे दिले की कचरा होतो. आहे काय नि नाही काय!

पहिला प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. सई कॉम्प्युटर झाली. माधवराव घसा साफ करून म्हणाले, "सदर झेंडू मध्यभागी ठेवण्यात यावा."

सई हलली नाही.

"अगं, ठेव ना!"

"कुणी ठेवायचा ते कुठे सांगितलंत?"

माधवराव विचारात पडले. त्यांच्या कचेरीतून वर्षानुवर्षं अशीच पत्रं गेली होती. कामं का अडकायची त्याचा उलगडा आता निवृत्तीनंतर व्हावा, याला काय म्हणायचं! ते अजून विचारातच होते, तोवर सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले.

"माधवराव, ही पानं कुठली?"

"झाडाची."

"झाड कुणाचं?" सेक्रेटरींनी हात मागे बांधले. "सोसायटीचं. गळून पडलेलं पान कंपोस्ट समितीचं आणि न गळलेलं पान उद्यान समितीचं. दोन्हीला वेगवेगळा अर्ज लागतो."

"आणि पडता पडता मध्येच झेललं तर?" सईनं विचारलं.

सेक्रेटरींनी मागे बांधलेले हात सोडले. "तो विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल," ते म्हणाले आणि गेले. पण जाताना पानं घेऊन गेले.

तोपर्यंत गॅलऱ्यांतून माणसं जमली होतीच. तळमजल्यावरच्या शालनताईंनी सांगितलं, "त्यापेक्षा ठिपक्यांची रांगोळी शिकवा. त्यात सगळं आलं." वरच्या मजल्यावरचा निलेश म्हणाला, "काका, कोडिंग आता कशाला? दोन वर्षांत सगळं मशीनच करणार." कोडिंग निरुपयोगी आहे हे असं पटवून झाल्यावर त्यानं आपल्या दोन्ही मुली खाली पाठवून दिल्या. शालनताईंनी आपला नातू अर्णव पाठवला. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरात असली की आईबापांची काय अवस्था होते हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी फुकट सांभाळायला तयार आहे म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत डझनभर मुलं दारात उभी राहिली. एकीच्या हातात पाण्याची बाटली, डबा आणि खोकल्याचं औषधसुद्धा होतं.

आता इतकी मुलं न्यायची कुठे? माधवरावांना दत्तोबा आठवले. कामशेतच्या पुढे वडिवळ्याला त्यांची भातशेती. माधवरावांच्या घरी वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्याकडूनच यायचा. भात झोडून झाला होता आणि खळं मोकळं पडलं होतं.

"या की भाऊसाहेब," दत्तोबा फोनवर म्हणाले. "पर एक सांगतो, खळ्यावर पायतान घालून यायचं न्हाई. लक्षुमीची जागा हाय ती. आन् ते कोडिंग म्हंजे काय करत्यात?"

"मुलांनी आपलं डोकं चालवायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं."

"आस्सं व्हय! मंग आमच्या कैलासची पोरं लय हुशार निघत्याल यात. सांगितलं तेवढं बी करत न्हाईत, पर डोकं तर मुळीच चालवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी शाळेची व्हॅन भरून मंडळी वडिवळ्याला पोचली. शेणानं सारवलेलं लख्ख खळं, कडेला भाताची रास, पलीकडे पेंढ्याची उडवी आणि समोर, शेतांच्या पार, डोंगर. मुलांनी चपला काढल्या आणि दत्तोबांच्या कुत्र्यानं त्यांतली एक पळवली, ती आजतागायत सापडलेली नाही. सईनं ठरवलं, मोर करायचा. अंगाला सागाची पानं, मानेला गोकर्णाची निळी फुलं, पिसाऱ्याच्या डोळ्यांना झेंडू. दुपारपर्यंत मोर बऱ्यापैकी उभा राहिला. मग मंडळी जेवायला गेली. दत्तोबांच्या मालकीणबाईंनी, नंदाबाईंनी, ऊन ऊन भात आणि तूप वाढलं होतं. जेवून परत येतात तर मोराला मान नाही. नंदाबाईंची शेळी गोकर्ण चघळत उभी होती.

मुलांनी गलका केला. माधवराव गंभीरपणे म्हणाले, "घाबरू नका. याला कोडिंगमध्ये व्हायरस म्हणतात."

"आमच्या शेरडाला काय बी बोलू नगा हां!" नंदाबाई कडाडल्या. "लय गरीब हाय ती."

झालं! नंदाबाईंची समजूत घालण्यात पुढचा दिवस गेला. त्यात मुलंही काही केल्या कॉम्प्युटर होईनात. सई सांगायची एक पान ठेवा, मुलं तीन ठेवायची. अर्णवनं तर मोराला मिशा काढल्या. वर "मला बऱ्या वाटल्या" म्हणाला. जो तो ओरडत होता, त्यात सईचे हुकूम कुणाला ऐकू येईनात. माधवरावांचा घसा बसला. सुट्टी तर संपत आली, नीरजाला दाखवायचं काय, या काळजीनं त्यांना धड जेवणही जाईना.

अशा वेळी कैलासशेठ धावून आले. हे दत्तोबांचे पुतणे. येत्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांनी मनानं ठरवलेलं होतं, पक्ष तेवढा ठरायचा होता. बुलेट खळ्याच्या कडेला लावून ते म्हणाले, "आजोबा, ही कोडिंगची पोरं व्हय? आवो, मावळात असं पहिल्यांदाच घडतंय! रविवारी मोठा कार्यक्रम करू. मंडप आपला, साउंड आपला."

माधवरावांना मंडप नको होता, पण साउंड पाहिजे होता. इथेच ते फसले.

साउंड आला. माइक बघून माधवरावांना स्फुरण चढलं. त्यांनी मुलांना खळ्यावर उभं केलं आणि नियम घालून दिला, "माइकवरून जे ऐकू येईल तेच करायचं. जसंच्या तसं करायचं. मध्ये कुणी काही म्हणालं तरी ऐकायचं नाही. मी स्वतः नुसत्या तोंडानं ओरडलो तरी ऐकायचं नाही! आपलं डोकं चालवायचं नाही. चालवेल त्याला लोणावळ्याची चिक्की मिळणार नाही."

काय सांगू, जादूच झाली. चिक्कीच्या नावानं मुलं अशी ताठ उभी राहिली की यंव रे यंव. सई माइकवरून म्हणायची, "एक पाऊल पुढे, वाका, एक पान ठेवा, पिसारा पूर्ण होईपर्यंत हेच करत राहा," आणि मुलं मुकाट्यानं करायची. सई आता चुका झाल्या की मुलांवर चिडत नव्हती, स्वतःशीच पुटपुटायची, "नाही, मीच अर्धवट सांगितलं." माधवराव कडेला बसून मनातल्या मनात आपले शनिवार मोजायला लागले.

रविवार उजाडला. वडिवळ्याच्या रस्त्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर कैलासशेठ पूर्ण उंचीचे, हात जोडून. त्यांच्या भोवती गॉगल घातलेले कार्यकर्ते. खाली मंडपवाल्याचं नाव, साउंडवाल्याचं नाव आणि त्याच्याही खाली माधवराव. फोटो कुठल्याशा लग्नातून कापून घेतलेला, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर कुणा परक्या बाईचा बांगड्यांसकट हात होता. राजेश्वरीबाईंनी तो फोटो बराच वेळ निरखला. "ही कोण?" एवढंच विचारलं. मोराचं चित्र फ्लेक्सवर नव्हतं.

नीरजा आणि जावई आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले. सोसायटीची मंडळी झाडून आली होती. सेक्रेटरीसुद्धा आले होते, आल्या आल्या सागाची पानं कुठून आणली याची चौकशी करून मगच बसले. मुलं खळ्यावर अनवाणी, हातात पानांच्या टोपल्या घेऊन, आपापल्या जागी ताठ उभी होती, डोंगराकडे तोंड करून, कान माइककडे लावून.

"चला, सुरू करू," माधवराव म्हणाले.

"आवो आजोबा, आधी सत्कार," कैलासशेठ म्हणाले. "सत्कार झाल्याबिगर कार्यक्रम व्हतो का कुटं? लोक काय म्हणत्याल?"

मग सत्कार झाले. कैलासशेठनी माधवरावांना शाल आणि नारळ दिला. माधवरावांनी कैलासशेठना शाल आणि नारळ दिला. दत्तोबांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, ज्यानं नारळ आणले होते त्याचाही झाला. आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सत्कारानंतर माइक आपोआप प्रमुख पाहुण्यांच्या हातात गेला.  

"बालमित्रांनो," कैलासशेठनी आवाज लावला, "आधी या काळ्या आईपुढं नतमस्तक व्हा!"

सगळी मुलं एकदम वाकली आणि त्यांनी कपाळं खळ्याला टेकवली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कैलासशेठ थबकले. आजवर त्यांच्या भाषणाला कुणी नीट बसतसुद्धा नसे.

"ही माती कपाळाला लावा!"

मुलांनी लावली. दत्तोबांचे डोळे भरून आले. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. कैलासशेठना आता आवरणं कठीण होतं. ते टाचा उंचावून म्हणाले, "आकाशाकडं झेप घ्या!" मुलांनी उड्या मारल्या. "शाब्बास! आता एकेक पाऊल पुढं टाकत राहा! मागं वळून बघू नका! कोण काय म्हणतंय तिकडं ध्यान देऊ नका! शिखर गाठल्याबिगर थांबायचं न्हाई!"

मुलं निघाली.

आधी लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. मुलं रांगेनं खळ्यावरून उतरली, बांधावर चढली आणि टोपल्या घेऊन शेतं ओलांडत डोंगराच्या दिशेनं चालू लागली. सर्वांत पुढे अर्णव.

"आवं, पोरं निघाली कुटं?" नंदाबाईंनी विचारलं.

"भाषान लय मनावर घेतलंय," दत्तोबा कौतुकानं म्हणाले.

माधवराव उठले आणि धावत सुटले. गळ्यात शाल, हातात नारळ, पायांत काही नाही, आणि बांधावरून मुलं चाललेली म्हणून ते शेतातून आडवे गेले, तर खाली भाताची धसकटं! "आई गं! थांबा! अरे थांबा!"

अर्णव मान न वळवता ओरडला, "आजोबा, माइकवरून सांगा!"

नियम त्यांचाच होता, बोलणार कुणाला? माधवराव लंगडत परत आले. कैलासशेठ माइक सोडायला तयार होईनात.  "असा परिणाम माझ्या भाषणाचा कधी झाला न्हवता हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी माधवरावांनी नारळ दत्तोबांच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी माइक ओढून घेतला.

"थांबा! सगळ्यांनी थांबा!"

लांबून बारीक आवाज आला, "शिखर यायचंय अजून!"

आता हाहाकार उडाला. शालनताई "माझा अर्णव!" म्हणून खुर्चीवर उभ्या राहिल्या. निलेश गाडीकडे पळाला, पण शेतात गाडी घालणार कुठून? सेक्रेटरी म्हणाले, "मी आधीच सांगत होतो," आणि काय सांगत होतो हे कुणी विचारलं नाही. माधवरावांनी नीरजाकडे पाहिलं. ती नुसती बघत होती, आणि तिचं हे बघणं त्यांना ती लहान असल्यापासून माहीत होतं. संपलं, त्यांच्या मनात आलं. गेले आपले शनिवार. त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांची शाल ओढली. सई होती. हुकूम देणारी ती, त्यामुळे ती रांगेत नव्हतीच. कपाळाला आठ्या घालून ती मुलांकडे बघत होती.

"आजोबा, नुसतं थांबा म्हणून ते थांबणार नाहीत. ते बरोबरच करतायत. शिखर येईपर्यंत चालायचं सांगितलंय ना?"

"मग आता काय करायचं गं?"

"शिखर जवळ आणायचं." तिनं माइक घेतला. "हॅलो. सगळ्यांनी ऐका. बांधावर पुढे आंब्याचं झाड आहे ना? ते शिखर आहे."

मुलं झाडापाशी पोचली. एकेकानं झाडाला हात लावला आणि सगळी तिथेच थांबली.

"आता मागे वळा. आलात त्याच वाटेनं चालत या. पाय खळ्याला लागले की थांबा."

मुलं वळली, बांधावरून चालत आली आणि खळ्यावर येऊन थांबली. शालनताईंनी अर्णवला पोटाशी धरायला हात पुढे केले, पण तो जागचा हलेना. माइकवरून तसं सांगितलं नव्हतं.

मग सईनं मोर केला. अर्धी पानं वाटेत सांडली होती, त्यामुळे पिसारा एका बाजूनं तोकडा झाला. शेळी बांधलेली होती म्हणून मान तेवढी वाचली. पण मोर झाला, आणि हुकमागणिक तो उमटताना बघून खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली.

नीरजा माधवरावांजवळ आली. "बाबा, तिनं काय केलं कळलं का तुम्हाला? चूक मुलांची नाही, थांबायच्या अटीची आहे हे तिनं ओळखलं. आमच्याकडे अशा ठिकाणी मोठी माणसं आठवडाभर एकमेकांवर खेकसत बसतात."  "पटलं मला. क्लास बंद."

माधवरावांना वाटलं, आता ही धसकटं टोचलेली पावलं घेऊन सुद्धा खळ्यावर फुगडी घालावी. तेवढ्यात सई धावत आली.

"आई! त्या क्लासमध्ये हे असं करतात? मशीन चुकीचं चालायला लागलं की नुसतं बोलून त्याला वळवायचं?"

"हो. पुढे गेलं की हेच करतात."

"मग मला आधी का नाही सांगितलं? मला वाटलं नुसतं मांजर चालवायचं असतं!" आणि मग तिला काय आठवलं कुणास ठाऊक, ती एकदम वळली. आजोबांकडे बघायला लागली. "पण आता तो बंद ना?"

नीरजाही माधवरावांकडे बघू लागली. "तुम्ही जिंकलात बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

फक्त "बंद" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. एवढी पायपीट, एवढा अपमान, त्या परक्या बाईचा खांद्यावरचा हात, सगळं त्या दोन अक्षरांसाठी सोसलेलं. माधवरावांनी चष्मा काढला. शालीच्या टोकानं पुसला. पण ते रागावलेले नव्हते. सई त्यांना दिसतच होती, कपाळावर मातीचा पट्टा, हातात माइक घट्ट धरलेला.

"लाव तो क्लास," ते म्हणाले.

"दोन्ही वार?"

"दोन्ही वार. पण तिला सोडायला आणि आणायला मी येणार. क्लास सुटेपर्यंत बाहेर बसेन."

"बाबा, तळेगावहून पुण्याला? दर शनिवारी, रविवारी?"

"तिच्याशिवाय मला त्या दिवसांत दुसरं असतं काय गं?" माधवराव म्हणाले. माइक सईच्या हातात चालूच होता, त्यामुळे हे साऱ्या वडिवळ्याला ऐकू गेलं.

 नीरजानं वडिलांचा हात धरला. राजेश्वरीबाई उठल्या, खळ्याकडेच्या चपलांच्या ढिगातून त्यांनी नवऱ्याच्या चपला शोधून आणल्या, त्यांच्या पायांपाशी ठेवल्या आणि म्हणाल्या, "दोन डबे करीन. बाहेरचं काही खायचं नाही."